पाठीला पाठ

करंजखडक गावाच्या पूर्वेला काळ्या दगडाची खाण आहे आणि खाणीला लागून पाथरवटांची आळी. जाती, पाटे, वरवंटे, उखळ, वैद्यांचे खल असे सगळे तिथे घडते. दिवस उजाडला की छिन्नीचे आवाज सुरू होतात आणि आळीवर दगडाची बारीक धूळ तरंगू लागते. श्री केशवगिरी महाराज तीर्थाटन करून या गावी आले, तेव्हा नदीकाठच्या देवळात राहावे असा गावकऱ्यांनी फार आग्रह केला. महाराजांनी मात्र पाथरवटांच्या आळीच्या टोकाला, एका पडक्या धर्मशाळेत आपली घोंगडी टाकली. कुणी कारण विचारले तर म्हणत, "इथे खोकण्याचे आवाज येतात. अशा ठिकाणी माणसाला फार गाढ झोप लागत नाही, ते बरे असते."

त्या आळीत म्हातारे पुरुष फार दिसत नसत. ऐन उमेदीतच माणसाला ठसका लागे, मग धाप लागे. आळीतले लोक त्याला 'छातीत दगड बसला' म्हणत. त्यावर उपाय कुणाजवळ नव्हता.

हरबा पाथरवटाच्या छातीत असाच दगड बसला होता. हरबाचा हात असा की त्याने घडवलेल्या जात्याला वर्षानुवर्षे टाकी लावून धार काढावी लागत नसे. आधी त्याला खाणीचा चढ चढताना दम लागू लागला. पुढे बोलता बोलता वाक्य तुटू लागले. मग आडवे होणेच बंद झाले. पाठ टेकली की कुणीतरी छातीवर बसल्यासारखे होई, म्हणून तो गुडघ्यांवर कोपरे टेकून, पुढे वाकून बसून राही. त्याची बायको सुंदराबाई महाराजांची भक्त. रोज झाडलोट करायला धर्मशाळेत जायची, पण स्वतःसाठी कधी काही मागायची नाही. त्या दिवशी मात्र झाडू हातात घेऊन ती उभीच राहिली. महाराजांनी विचारल्यावर तिने सगळे सांगितले.

महाराजांनी ताबडतोब उठून हरबाचे घर गाठले. चुलीचा धूर घरभर होता. त्यांनी चूल परसात मांडायला लावली, हरबाची बैठक ओसरीवर, वाऱ्याच्या बाजूला हलवली. मग ते सुंदराबाईला म्हणाले, "औषध शास्त्रीबुवांचे घ्यायचे, पथ्य ते सांगतील ते पाळायचे. मी वैद्य नाही. पण धाप लागली की याला एकटा ठेवू नकोस. याच्या मागे बस, तुझी पाठ याच्या पाठीला लाव आणि तू सावकाश श्वास सोड. श्वास सोडताना रामनाम लांबव. याचा श्वास तुझ्या मागोमाग येईल."

सुंदराबाईने ते शब्द पदराच्या गाठीला बांधले. दुपार कलली की हरबाला धाप लागे. डोळे मोठे होत, ओठ निळे पडत, मानेच्या शिरा ताठ होत. ती हातातले काम टाकून त्याच्यामागे बसे. पाठीला पाठ लागे आणि ती 'रा-म' म्हणत श्वास लांबवत राही. पहिल्यांदा हरबाचा श्वास तिच्या श्वासाला सापडतच नसे. तो धावे, अडखळे, पुन्हा धावे. ती तिथून हलत नसे. आळीतल्या बायका पाण्याला हाका मारून जात, उंबऱ्यात कुत्रे येऊन बसे, पण तिचे लक्ष पाठीवरच असे. अखेर केव्हातरी मागचा श्वास तिच्या श्वासाला येऊन मिळे.

आता त्या गावचे वैद्य म्हणजे अनंतशास्त्री. विद्वान माणूस. त्यांच्या नाडीपरीक्षेची पंचक्रोशीत कीर्ती होती आणि ती खोटी नव्हती. बोटे टेकवली की पोटातले ओठावर यावे तसे ते रोग सांगत. पण विद्येबरोबर गर्वही आला होता. पाथरवटांच्या घरी ते अंगणातच उभे राहत, रोग्याच्या मनगटावर रेशमी फडके टाकून नाडी बघत आणि जे बोलायचे ते घरच्यांशी बोलत. आपल्याला काय होते, हे सांगायला हरबाने एकदा तोंड उघडले, तेव्हा त्यांनी हात वर करून त्याला थांबवले होते. नाडी सांगते आहे, तू कशाला दमतोस, असे म्हणाले होते. बोलणे काळजीचे वाटावे असे, पण हरबाचे सांगणे राहून गेले ते गेलेच.

एके दिवशी ते आले आणि ओसरीवर त्यांना हे नवरा-बायको पाठीला पाठ लावून बसलेले दिसले. त्यांना हसू आवरेना. पाठ घासून रोग जात असता तर चरकसुश्रुतांनी एवढा खटाटोप कशाला केला असता, असे त्यांनी सोबतच्या मंडळींना ऐकवले. मग नाडी पाहिली. बराच वेळ पाहिली. फडके घडी करून ठेवत ते सुंदराबाईला म्हणाले, "हा रोग असाध्य झाला. आता औषध बंद. यापुढे मी येणार नाही."

हरबा तिथेच बसलेला होता. त्याने मान वर केली नाही.

सुंदराबाई अंगणात उतरून शास्त्रीबुवांच्या वाटेत उभी राहिली. "बरं व्हायचं न्हाई, ते मलाबी दिसतंय बुवा," ती म्हणाली. "पर तुमच्या चाटणानं खोकल्याची उबळ बसती, घोटभर पेज पोटात जाती. तेवढं बंद करू नगा. तुमचा खल यांनीच घडवलाय."

शास्त्रीबुवांनी शास्त्र सांगितले. असाध्य रोग्याला वैद्याने हात लावू नये. रोगी तर जातोच, वैद्याचे यशही जाते. आणि जाता जाता ते म्हणाले, "तुला महाराजांनी पाठ दिली आहे ना? मग चाटण कशाला हवे? लावून बस पाठ."

मंडळी हसली. सुंदराबाई रडली नाही. ती घरात गेली, विळा आणि फडके घेतले आणि शेजारणीला विचारले की अडुळसा कुठे मिळेल. काढा कसा उकळतात एवढे तिने पाहिले होते. जमेल तसा करीन, पण उबळ बसवीन, असे तिने मनाशी ठरवले. त्या दिवसापासून ती सकाळीच शेजारणीने सांगितलेल्या, गावाबाहेरच्या घळीत जाऊन पाला आणी आणि धाप लागायच्या वेळेआधी घरी परते.

चैत्र लागला. जवळचा पाला संपला, म्हणून एक दिवस ती घळीत पार खाली उतरली. फडके भरले, डोईवर घेतले आणि वर चढताना पायाखालची खडी सरकली. ती घसरत खाली आली. उठायला गेली तर उजवा पाय टेकवेना, घोटा बघता बघता सुजला. भोवती चिटपाखरू नाही. आळीतली माणसे खाणीत, हाक पोचायची नाही. ऊन डोक्यावरून कलू लागले होते.

तिला दिसत होते ते फक्त ओसरीवर एकटा बसलेला हरबा. ती हातांवर आणि गुडघ्यांवर रांगत वर चढू लागली. थोडे चढे, घसरे, पुन्हा चढे. हाताची सालटे निघाली. अखेर एका खडकाला मिठी मारून ती थांबली आणि म्हणाली, "म्हाराज, मी येतेच हाय. मी थांबणार न्हाई. पर मी पोचस्तवर त्यांच्यामागं कुणीतरी बसवा."

एवढे म्हणून ती पुन्हा चढू लागली.

त्याच वेळी महाराज तीन कोसांवरच्या आंबेवाडीत पाटलांच्या घरी भिक्षेला गेले होते. योग असा की समोरच्या पंक्तीत अनंतशास्त्रीही होते. पाने वाढली, श्लोक झाला. महाराजांनी पहिला घास उचलला आणि तो हातातच राहिला. त्यांनी घास पानात ठेवला, पाटावर वळून बसले आणि पाठ ताठ केली. मागे भिंत नव्हती, खांब नव्हता. तरी ते असे बसले, जणू कुणी भारी माणूस त्यांच्या पाठीवर रेलला आहे. डोळे मिटलेले, तोंडाने लांब श्वास चाललेला. कपाळावरून घाम निथळू लागला आणि त्यांचे ओठ निळसर दिसू लागले.

पाटील घाबरले. शास्त्रीबुवा शेजाऱ्याच्या कानात म्हणाले की सोंग बरे वठले आहे. पण पाटलांनी हात जोडून सांगितले, "बुवा, तुम्ही वैद्य आहात. बघा तरी."

शास्त्रीबुवा उठले. फडके घरी राहिले होते. त्यांनी महाराजांचे मनगट तसेच हातात घेतले आणि बोटे टेकवली.

आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. उडती, मध्येच अडखळणारी, चढावर ओझे वाहणाऱ्या माणसासारखी ती नाडी त्यांनी आयुष्यात एकाच मनगटावर पाहिली होती. हजार नाड्यांतून त्यांनी ती ओळखली असती. समोर केशवगिरी बसले होते आणि हाताखाली हरबा पाथरवटाची नाडी चालली होती!

त्यांनी बोटे काढली नाहीत. काढवेनात. पंक्ती ताटकळली, अन्न निवले. लांब श्वास एकामागून एक येत राहिले. हळूहळू बोटांखालचे अडखळणे कमी झाले, धाव मंदावली, आणि एका क्षणी ती नाडी सरली व तिच्या जागी तिथे दुसरी, शांत, संथ नाडी लागली. महाराजांनी डोळे उघडले. "पाने वाढून खोळंबा झाला," असे म्हणून त्यांनी घास घेतला.

शास्त्रीबुवा जेवले नाहीत. पाटलांची घोडी मागून घेऊन ते थेट करंजखडकला आले आणि आयुष्यात पहिल्यांदा हरबाच्या ओसरीवर चढले. हरबा थकलेला होता, पण श्वास ठिकाणावर होता. शास्त्रीबुवांनी विचारले, "आज दुपारी धाप लागली होती का?"

"लई मोठी लागली. वाटलं, आता संपलं. पर सुंदरा आली, मागं बसली." हरबा थांबला, दम घेतला. "तोंड फिरवून बघायची ताकद नव्हती. पाठ आज जरा रुंद वाटली."

तेवढ्यात अंगणात बैलगाडी थांबली. घळीच्या काठावर सापडलेल्या सुंदराबाईला एका शेतकऱ्याने गाडीत घालून आणले होते. गुडघे फुटलेले, पाय सुजलेला, पण पाल्याचे फडके काखेत घट्ट. ओसरीवर हरबा बसलेला दिसताच तिने पहिले काय विचारले असेल? "तुमच्याजवळ कोण व्हतं?"

हरबा तिच्याकडे बघतच राहिला. मग शास्त्रीबुवांनी आंबेवाडीच्या पंक्तीत बोटांखाली लागलेली नाडी सांगितली, सुंदराबाईने घळीतले मागणे सांगितले, आणि काय झाले ते त्या तिघांनाही हळूहळू उमगले.

शास्त्रीबुवा हरबाजवळ खाली बसले. त्यांनी विचारले, "त्या दिवशी तुला काही सांगायचे होते. मी ऐकले नाही. काय सांगत होतास?"

हरबाने मोडक्या श्वासात, थांबत थांबत सांगितले. "दम लागतो तवा मानूस हिरीत पडल्यावानी असतो बुवा. काठावर कुनी उभं दिसलं, तर हातपाय मारत ऱ्हातो. काढंल न काढंल, ते पुढचं. तुमी त्या दिवशी काठावरनं उठून गेला."

शास्त्रीबुवांनी मान खाली घातली. मग त्यांनी सुंदराबाईचा पाला स्वतः निवडला, काढा उकळायला ठेवला आणि तिच्या घोट्याला लेप लावला. रेशमी फडक्याची आठवणही त्यांना झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज परतले ते सरळ हरबाच्या दारी. अंगणात आळी जमली होती. शास्त्रीबुवा म्हणाले, "महाराज, माझे निदान चुकले."

"निदान चुकलेले नाही," महाराज म्हणाले. "दगड छातीतून जायचा नाही. खाणीत दगडावर पाणी शिंपून घाव घाला, म्हणजे पोरांच्या छातीत तो बसणार नाही, एवढे आपण सगळे मिळून करू. हरबा बरा होणार नाही, हे तुम्ही नीट ओळखलेत. पण बरा होणार नाही म्हणून तो कुणाचा नाही, हे कोणत्या ग्रंथात वाचलेत?"

पुढे हरबा आणखी काही वर्षे जगला. ती वर्षे त्याने ओसरीवर, वाऱ्यात, माणसांत काढली, आणि दुपारच्या वेळी त्याच्यामागे सुंदराबाई नसेल तेव्हा अनंतशास्त्री बसत, हे आळीने डोळ्यांनी पाहिले आहे.

पण त्या सकाळी एवढेच घडले. शास्त्रीबुवांचे डोळे भरून आले आणि त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवण्यासाठी अंगणाच्या मातीत साष्टांग नमस्कार घातला. महाराज दोन पावले बाजूला सरले. त्यांच्या मागे उंबऱ्यात, लेप लावलेला पाय लांब करून सुंदराबाई बसली होती. नमस्कार तिला पोचला. ती संकोचून पाय ओढून घेऊ लागली. कुणीतरी हलकेच म्हणाले, "बुवा, महाराज इकडे आहेत."

शास्त्रीबुवांनी ते ऐकले. त्यांनी डोके उचलले नाही.