हौसाचा पिवळा कागद

करवंदगडच्या राजा दौलतरावांनी साठ संगणक मागवले आणि फर्मान काढलं, "दसऱ्याच्या आत कचेरीतल्या साठही मेजांवर संगणक बसले पाहिजेत. सगळा कारभार त्यातूनच चालेल!"

दरबारात वाहवा झाली. दिवाण नागोजीपंतांनी तर दोनदा केली. तेवढ्यात चहाचं तबक घेऊन आलेली भटारखान्यातली हौसा थबकली.

"महाराज, एक इचारू का? आत्ता कागद कुठनं निघतो अन् कुठं जातो, ते बघितलंय का कुणी?"

झालं! अठरा वर्षं आपल्याला भाकरी करून घालणाऱ्या बाईनं भर दरबारात हे विचारावं? दौलतराव हट्टाला पेटले.

"मग तूच बघून सांग. चार दिवस देतो. कुणाला एक शब्द विचारायचा नाही, एक दप्तर उघडायचं नाही. जमलं नाही, तर पाचव्या दिवशी गड उतरायचा."

नागोजीपंत मिशीत हसले. हौसाला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं.

हौसा भटारखान्यात परत आली. गडाखाली तिचं कोण होतं? ना घर, ना माणूस. चुलीपाशी बसली तर धुराडं तुंबलेलं, डोळे आणखीच चुरचुरायला लागले. रडायलाही धड जागा नाही, म्हणून ती हळद कांडायला बसली. कांडता कांडता तिची नजर स्वतःच्या तळव्यांवर गेली आणि ती गालातल्या गालात हसली.

कोठीवाल्या गणूकाकांकडून तिनं दोन ओळींचा अर्ज लिहून घेतला. 'भटारखान्याचं धुराडं तुंबलं आहे. साफ करावं.' मग तेलात हळद कालवली, कागदाच्या चारी कडांना आणि पाठीला सढळ हातानं चोपडली आणि अर्ज कचेरीच्या दारात नेऊन दिला.

कारकुनानं नाक मुरडलं. पण भटारखान्याचा कागद, तो पिवळा असणारच! त्यानं दोन बोटांनी उचलला आणि पुढच्या मेजावर सरकवला.

चार दिवस हौसानं निमूटपणे स्वयंपाक केला. पाचव्या दिवशी दरबार भरला.

"काय हौसा, बोचकं बांधलंस का?" महाराजांनी विचारलं.

"बांधते की. आधी समद्यांनी हात पुढं करा."

साठ कारकुनांनी हात पुढे केले. एकेचाळीस जणांचे पिवळे! काहींनी राखेनं घासले होते, पण ती हळद होती, इतक्यात कशी जाईल?

"आता नीट बघा, महाराज. ह्या अडतीस जणांची नुसती दोन बोटं पिवळी. हिकडनं उचलला, तिकडं ठेवला. ह्या तिघांचे मात्र अख्खे तळवे पिवळे. त्यांनी हातात धरून वाचला. अन् ह्या एकोणीस जणांपतुर कागद आलाच न्हाई."

एकोणीस जणांनी हळूच हात मागे घेतले.

"माझे हात स्वच्छ आहेत," नागोजीपंत फुशारकीनं म्हणाले.

"तर वं! दिवाणजी, जरा पाठमोरं व्हता का?"

नागोजीपंत वळले. पांढऱ्याशुभ्र धोतरावर मागे हा एवढा पिवळाधमक ठसा! शिपायानं कचेरीतली त्यांची बैठक उचलून आणली, तर तिच्यावरच हौसाचा अर्ज, चांगला चपटा झालेला. एकेचाळिसाव्या कारकुनानं तो बैठकीवर ठेवला होता आणि दिवाणजी न बघता त्यावर बसले होते.

महाराजांना हसू येत होतं, पण हट्ट सुटेना. "म्हणूनच तर संगणक आणलेत! कामाला वेग येईल!"

"येईल की, महाराज. आत्ता कागद दिवाणजींच्या बुडाखाली जायला चार दिवस लागत्यात. उद्यापासनं चुटकीसरशी जाईल."

मग दौलतराव असे हसले की त्यांची पगडी कानावर आली. हसता हसता त्यांचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं आणि हसू ओसरलं. हात लख्ख होते.

"प्रत्येक अर्ज माझ्यापर्यंत येतो, असं मी गावभर सांगत फिरतो," ते ओशाळून म्हणाले. "आण तो कागद."

त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि मोठ्यानं वाचला. तळवे पिवळे झाले.

"ज्या तिघांनी वाचला, त्यांच्या मेजांवर तीन संगणक बसवा. चौथा माझ्यापुढं. बाकीची खोकी, हौसा कागदाची वाट आखून देईपर्यंत बंद. तिला कचेरीत गादी घाला. अक्षरं गणूकाका शिकवतील. आणि नागोजीपंत, धुराडं आजच्या आज साफ करून घ्या. समोर उभं राहून!"

"उभंच ऱ्हाऊ द्या त्यांना," हौसा म्हणाली, "धोतरावरचा डाग जाईस्तोवर."

महाराज पुन्हा हसले. ह्या वेळी पगडी खालीच पडली. त्यांनी ती उचलली, झटकली आणि हौसाच्या हातात ठेवली. पगडीवरही पाच बोटं पिवळी उमटली होती.