हनानाचा कमरबंद

"आणि कमरबंद? तो कशाचं पाप झाकतो?"

"मनातल्या विचारांचं," मलकीया म्हणाला. जराही न अडखळता.

यरुशलेमच्या मंदिरातल्या वस्त्रांच्या कोठीत तो उभा होता. समोर जमिनीवर बसून म्हातारा योयादा याजकांची विरलेली वस्त्रे वेगळी काढत होता. कोठीचा राखणदार तोच, आणि तरुण याजकांचा गुरूही तोच.

उद्या पहाटे मलकीया पहिल्यांदाच वेदीपुढे उभा राहणार होता. त्याने सगळे पाठ केले होते. डोक्यावरचा मंदील गर्वाचे पाप झाकतो. महायाजकाच्या झग्याच्या घंट्या चहाडीचे. छातीवरचा ऊरपट...

"ऊरपट राहू दे. चोळणा?"

मलकीयाचे कान तापले. "तो... झग्याच्या आतून पायांत घालायचा असतो, गुरुजी."

"म्हणून त्याला अर्थ नाही होय?"

"आहे. लाज झाकतो."

"बरं. आलास कशाला ते सांग."

"बाबांचा कमरबंद हवा होता."

मलकीयाचे वडील हनान वसंतात वारले होते. त्यांचा कमरबंद निळ्या, जांभळ्या, किरमिजी धाग्यांचा. एका टोकाला वेदीच्या ठिणगीने पडलेला काळा डाग. अंगणाच्या पार पलीकडूनही लोक तो ओळखायचे.

"उद्या तोच बांधीन म्हणतो. लोक म्हणतील, हा हनानाचा मुलगा."

"आणि नाही बांधलास तर?"

"तर... नव्या पोरांच्या रांगेत मी कोण?"

योयादा हसला. "इतकी मुलं आली इथं. ज्याला त्याला बापाचा कमरबंद हवा. बापाचा चोळणा मागायला अजून एकही आला नाही बघ."

मलकीयाही हसला, गुरूचा मान राखायला म्हणून.

म्हाताऱ्याने ढिगातून कमरबंद ओढून काढला. धागे जागोजाग सुटले होते, पण काळा डाग तसाच होता.  मलकीयाने दोन्ही हात पुढे केले.

टर्रकन आवाज झाला.

दुसरेच काही फाटले असेल, असे त्याला आधी वाटले. मग योयादाच्या दोन हातांत दोन तुकडे दिसले. मग चार... मलकीयाचे हात अजून पुढेच होते. ते मागे घ्यायचे असतात, हेच त्याला सुचेना.

"गुरुजी... हे काय केलंत?"

"जीर्ण झाला होता. जीर्ण वस्त्रांच्या वाती करतात. आज सणाचे दिवे लागायचेत."

"त्यात बाबांचा घाम होता हो!"

"मग तेल चांगलं धरेल."

मलकीयाने हात मागे घेतले.

योयादाने कुणाचा तरी जुना चोळणा उचलला आणि तोही फाडला. पट्ट्या एकत्र केल्या. मांडीवर ठेवून तळव्याने एक वात वळली.

"बैस. वळ."

तो बसला. पहिली वात सैल झाली. योयादाने ती उलगडली आणि पुन्हा त्याच्या हातात दिली.

ऊन कलेपर्यंत दोघे वळत राहिले. हळूहळू कुठली पट्टी कशाची, हे मलकीयाला ओळखू येईनासे झाले. काळा डाग केव्हा वळला गेला, तेही कळले नाही.

उठताना म्हाताऱ्याने फळीवरचा एक नवाकोरा कमरबंद त्याच्याकडे टाकला. त्याच्यावर कसलाही डाग नव्हता.

संध्याकाळी अंगणातल्या उंच दीपस्तंभांवर दिवे लागले. भिंती उजळल्या, गर्दीतले चेहरे उजळले. मलकीया पायऱ्यांच्या माथ्यावर अनवाणी उभा होता, नवा कमरबंद छातीशी धरून. त्याची नजर एकेका ज्योतीवर जाई आणि परत येई.

"गुरुजी... यातला बाबांचा दिवा कुठला?"

योयादाने आधारासाठी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"या उजेडात खालची पायरी दिसतेय ना तुला?"