जावयाची कुस्ती

सरदार निंबराजांच्या जावयाने सरावाच्या आखाड्यात एका सकाळी दहा शिपाई लोळवले. प्रत्येक झुंजीआधी भालदार रीतीप्रमाणे पुकारायचा, "सरकारांचे जावई येत आहेत."

सरदार फुगले. "उद्या खिंडीत गनिमावर आमचे जावईच चाल करतील. तुमची माणसं नुसती भाकऱ्या मोडतात, वस्ताद."

म्हाळू वस्तादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिंडीत जावयाच्या मागे त्याच्याच चाळीस पोरांचे जीव जाणार होते.

"जावईबापूंना जाऊ द्या सरकार, पण भालदारालाही पुढे धाडा."

"तो कशाला?"

"गनिमाला कुणीतरी सांगायला हवं, हे सरकारांचे जावई आहेत म्हणून. माझी माणसं तेवढं ऐकूनच आडवी झाली."

सरदारांनी जावयाकडे पाहिलं. जावई भालदाराकडे पाहत होता.