मथाईच्या चुलीतला विस्तव

एक होता म्हातारा. राजा नव्हता बरं का, राजाचा प्रधानही नव्हता. साध्या घोंगड्या विणायचा. त्याचं नाव हैबती. डोंगराच्या पायथ्याला नदी, नदीकाठी गाव, आणि गावाच्या अगदी टोकाला हैबतीचं घर. घरात एक माग, एक चूल, राखुंडी नावाची एक राखाडी मांजर आणि हैबतीची बायको मथाई.

मथाईच्या चुलीतला विस्तव कधी विझायचा नाही. जेवणं झाली की ती निखारे एका कोपऱ्यात ओढायची आणि त्यांच्यावर राख पसरायची, लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं तशी. सकाळी राख बाजूला सारून हळूच फुंकर मारायची. मग निखारा डोळे उघडायचा. मग त्यावर काटक्या, मग जाळ, मग भाकरी.

हैबती दिवसभर बाहेर. खांद्यावर घोंगड्या टाकून या बाजाराला, त्या बाजाराला. दिवेलागणीला घरी यायचा, पाय धुवायचा आणि चुलीपाशी बसायचा. मग मथाई भाकरी थापता थापता विचारायची, "अहो, आज काय पाहिलंत?"

रोज हेच विचारायची. किती विकलं, काय आणलं, ते नंतर. आधी हे. मग हैबती सांगायचा. आज धान्याच्या दुकानात वाण्याचं पोर रिकाम्या टोपलीत झोपलं होतं. आज एका बकरीचा एक कान काळा आणि एक पांढरा होता. असं काहीबाही. मथाई ऐकायची आणि हसायची. शेवटची भाकरी झाली की तवा उतरवून पालथा घालायची. तेव्हा तव्याच्या बुडाच्या काजळीवर बारीक बारीक ठिणग्या पळायच्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मथाई म्हणायची, "बघा, तवा हसला. उद्या कोणीतरी येणार." आणि खरंच कोणीतरी यायचं, बरं का.

मग एके दिवशी मथाई गेली.

कुठं गेली? म्हातारी माणसं थकली की जातात तिथं. हैबतीने तिचा हात धरला होता, तरी ती गेली.

सुतकात चूल पेटवत नाहीत. शेजारणींनीच पिठलं आणलं, भाकरी आणल्या. हैबती राखेखालचा निखारा तेवढा गोवरी सरकवून जपत राहिला. मग दहावं-तेरावं झालं. हैबती नदीवर गेला होता तेव्हा शेजारणी आल्या. म्हातारबाला आता कोण आहे, म्हणाल्या. त्यांनी घर झाडलं, मायेने चूलही साफ केली. सगळी राख काढून परसात टाकली, चूल शेणामातीने सारवली, वर हळदीकुंकवाची बोटं ओढली.

हैबती परत आला. चूल स्वच्छ आणि गार. त्याने आत हात घातला. राखेखाली जपून ठेवलेला तो निखारा गेला होता. हैबती शेजारणींवर रागावला नाही. रागावणार कसा? त्यांनी तर चांगलंच केलं होतं. पण मनात म्हणाला, मथाई गेली, आता तिचा विस्तवही गेला.

शेजारची सगुणा म्हणाली, बाबा, माझ्या चुलीतला विस्तव घेऊन जा. हैबती म्हणाला, नको, तो माझ्या मथाईचा नाही. मग तो पाण्यात पीठ कालवून खायला लागला. माग थांबला. बाजार थांबला. थंडीचे दिवस आले. धनगर घोंगड्यांसाठी दारात यायचे, रिकाम्या हातांनी परत जायचे. हैबती भिंतीला टेकून बसायचा. बाहेर बगळे उडायचे, पोरं पडायची, रडायची, हसायची. हैबतीला काही दिसायचंच नाही. दिसून तरी काय करायचं? संध्याकाळी विचारणार कोण?

एके सकाळी राखुंडी मांजर त्याच्यासमोर येऊन बसली आणि बोलायला लागली. मांजरी बोलतात हं. त्यांना फार राग आला की मगच बोलतात.

"म्हातारबा," ती म्हणाली, "मी आजवर चुलीपाशी झोपत आले. या थंडीत तू मला गार मातीवर झोपवतोस?"

"विस्तव गेला गं राखुंडे," हैबती म्हणाला.

"मग शोधायला नको का? सगुणाला विचार, तिच्याकडचा विस्तव कुठला."

"तुला ठाऊक आहे का?"

राखुंडीने पाठ फिरवली आणि पंजा चाटत बसली. मांजरी अशाच.

मग हैबती उठला. मुंडासं बांधलं, अंगावर घोंगडी घेतली. पुढे हैबती, मागे राखुंडी, शेपूट उभी.

सगुणा दारात तांदूळ निवडत होती. हैबतीने विचारलं, तर ती म्हणाली, माझ्या चुलीवर छप्पर गळलं होतं, तेव्हा मी चंद्री कुंभारणीकडून विस्तव आणला.

मग हैबती निघाला कुंभारवाड्याकडे. वाटेत बोरीच्या झुडपावर कोळ्याचं जाळं होतं. त्याच्यावर दंव पडलं होतं. प्रत्येक धाग्यावर थेंब, प्रत्येक थेंबात एक एक सूर्य. हैबती विणकरच की. तो वाकून बघत राहिला. माग नाही, धाग्याला लावायची खळ नाही, आणि एक धागा सैल नाही. त्याला वाटलं, संध्याकाळी मथाईला सांगू.

आणि मग आठवलं.

तो तिथंच उभा राहिला. डोळ्यांत पाणी आलं. राखुंडी पायाला अंग घासून म्हणाली, "सांगायला कोणी नसलं तर नसू दे. विसरू नको एवढंच. गाठ मार."

मग हैबतीने मुंडाशाच्या शेवाला, म्हणजे सुटलेल्या टोकाला, एक गाठ मारली.

चंद्री कुंभारणीच्या अंगणात ओली मडकी सुकत होती. एका मडक्यावर चिमणीची पावलं उमटली होती. बुडापासून काठापर्यंत, सरळ रांगेत. चंद्री म्हणाली, ही अवदसा रोज येते आणि मडकी बिघडवते. पण बाबा, लोक असलंच मडकं आधी मागतात. मग हैबतीच्या ओठांवर थोडं, अगदी थोडं हसू आलं. त्याने दुसरी गाठ मारली. विस्तवाचं विचारलं, तर चंद्री म्हणाली, माझी भट्टी पेटली ती नदीपलीकडच्या भिवराच्या विस्तवाने. भिवरा नावाड्याची बायको.

मग हैबती होडीत बसला. राखुंडी पाण्याला घाबरते, ती त्याच्या घोंगडीत शिरली. नावाडी लांब बांबूने होडी रेटत होता. बांबूच्या टोकावर एक चतुर येऊन बसला. लाल शेपटीचा, काचेच्या पंखांचा. बांबू वर, चतुर वर. बांबू खाली, चतुर खाली. पैलतीर येईपर्यंत उडाला नाही. नावाडी म्हणाला, हा रोजचाच आहे, सकाळी जातो आणि दुपारी परत येतो. मग हैबतीने तिसरी गाठ मारली.

भिवरा नदीकाठी झोपडीत चुलीपुढे बसली होती. हैबतीने तिलाही तेच विचारलं, पोरी, तुझा विस्तव कुठला?

भिवराने फुंकणी खाली ठेवली.

"बाबा, तुमच्याच घरचा की," ती म्हणाली. "झडीचा पाऊस लागला होता, माझी चूल भिजली. मी मथाईच्या दारात गेले. तिने गोवरीवर निखारा ठेवला, वर खापर झाकलं, आणि म्हणाली, जप गं, वाटेत फुंकर मारत जा. माझ्याकडून चंद्रीने नेला, चंद्रीकडून सगुणाने. मथाई कुणाला नाही म्हणायची नाही."

हैबतीला हे ठाऊकच नव्हतं. कसं असणार? दिवे लागल्यावर विस्तव देत नाहीत. बायका दिवसा यायच्या, आणि दिवसा हैबती बाजारात.

तो भिवराच्या चुलीपुढे बसला. "म्हणजे मथाईचा विस्तव माझ्या शेजारीच होता," तो म्हणाला. मग राखुंडीकडे वळला. "तुला ठाऊक होतं."

"मी सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?" राखुंडी म्हणाली. भिवराला मात्र नुसतं म्याव ऐकू आलं.

मग "मथाईने हातात दिला तो हाच, हाच न्या," म्हणत भिवराने गोवरीवर एक लाल निखारा ठेवला, वर फुटक्या मडक्याचं खापर झाकलं. हैबतीने तो दोन्ही हातांत घेतला आणि होडीत बसला.

पण नदीवर वारा सुटला. थंडीतला वारा तो, घोंगडीच्या आत शिरायला लागला. हैबतीने खापर उचलून पाहिलं, तर निखारा काळवंडत चाललेला. आता हाही गेला तर? तो निखाऱ्यावर अगदी खाली वाकला. आणि आतून बारीक आवाज आला. सर्दी झाली की मथाईचा यायचा ना, तसा.

"अहो, आज काय पाहिलंत?"

मग हैबतीने मुंडाशाचा शेव हातात घेतला, तिसरी गाठ सोडली आणि चतुराची गोष्ट सांगितली. अगदी हळू, निखाऱ्याजवळ तोंड नेऊन. सांगता सांगता त्याचा श्वास निखाऱ्यावर पडला. निखारा लाल झाला.

मग कुंभारवाडा आला. निखारा पुन्हा मंद. हैबतीने दुसरी गाठ सोडली आणि चिमणीच्या पावलांची गोष्ट सांगितली. निखारा लाल.

मग बोरीचं झुडूप आलं. पहिली गाठ सोडली आणि जाळ्यातल्या सूर्यांची गोष्ट सांगितली. निखारा पुन्हा लाल.

पण गोवरी जळून जळून एवढीशी राहिली होती, आणि घर अजून थोडं पुढे होतं. सूर्य डोंगराला टेकला. निखारा परत काळा पडायला लागला. हैबतीने मुंडासं चाचपलं. गाठ नाही. सांगायला काही उरलंच नाही. "राखुंडे, आता गं काय करू?" तो म्हणाला.

राखुंडी म्हणाली, "डोळे आहेत ना? बघ की."

मग हैबतीने मान वर केली आणि बघितलं. समोर त्याचंच परसदार. शेजारणींनी चुलीतली राख टाकली होती ना, त्याच जागी एक वेल उगवला होता. दुधीचा वेल. मथाई भाजी चिरून बिया तिथंच फेकायची, त्यातली एक रुजली होती. वेल कुडावर चढला होता. हैबती रोज त्याच्या शेजारून जायचा, पण त्याला तो कधी दिसलाच नव्हता. आणि त्या वेलावर एक पांढरं फूल होतं. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, बरं का. हैबती बघत होता आणि फूल हळूहळू उघडत होतं.

"मथे," तो निखाऱ्याला म्हणाला, "तुझ्या राखेत फूल आलंय."

एवढंच म्हणाला. पण असं मनापासून म्हणाला, की निखाऱ्याने एकदम पेट घेतला.

मग हैबती घरात धावला. सारवलेल्या चुलीत निखारा ठेवला, वर काटक्या ठेवल्या आणि फुंकर मारली. जाळ झाला. भिंती पिवळ्या झाल्या. राखुंडी आपल्या जागी जाऊन गोल होऊन बसली, आणि तिच्या पोटातून घर्रघर्र सुरू झालं. हैबतीने आयुष्यातली पहिली भाकरी थापली. ती गोल नव्हती. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी. पण गरम होती. अर्धी त्याने खाल्ली, अर्धी दुधात कुस्करून राखुंडीला घातली.

मग त्याने तवा उतरवला आणि पालथा घातला. काजळीवर ठिणग्या पळाल्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"तवा हसला," हैबती म्हणाला. "आता माझ्याकडे कोण येणार?"

त्याने निखारे कोपऱ्यात ओढले आणि त्यांच्यावर राख पसरली. अगदी मथाई पसरायची तशी. आणि झोपला.

सकाळी दारात सगुणा उभी. हातात गोवरी.

"बाबा, माझी चूल विझली," ती म्हणाली. "थोडा विस्तव देता का?"

हैबतीने राख बाजूला सारली, फुंकर मारली. निखाऱ्याने डोळे उघडले. त्यातला चांगला मोठा निखारा त्याने सगुणाच्या गोवरीवर ठेवला, वर खापर झाकलं आणि म्हणाला, "जप गं, वाटेत फुंकर मारत जा." शेजारच्या घरी न्यायचा, तरी म्हणाला.

राखुंडी उंबऱ्यावर बसली होती. तिला सगुणाच्या कौलांमधून निघणारा धूर दिसत होता. सगुणाची चूल काही विझलेली नव्हती. पण राखुंडी बोलली नाही. तिला आता राग कुठं आला होता?

त्या दिवसापासून माग पुन्हा चालू झाला. धनगरांना घोंगड्या मिळाल्या. हैबती बाजाराला जायचा आणि येताना मुंडाशाला एक तरी गाठ असायची. मथाईची आठवण यायची का? यायची तर. रोज यायची. मग तो चुलीपाशी बसायचा, गाठ सोडायचा आणि निखाऱ्याला सांगायचा. गावात कुणाची चूल विझली की बायका हैबतीच्या दारात यायच्या, आणि तो नाही म्हणायचा नाही. वेलाला दुधी लागले, ते घरोघरी गेले. हैबती, राखुंडी आणि सगळा गाव, सगळे उबेत राहिले.

झोपली का रे धाकटी? झोपू दे. आता तुम्हीही पांघरूण ओढा, गळ्यापर्यंत. आणि एक एक करून माझ्या कानात सांगा पाहू.

आज काय पाहिलंत?

हळू सांगा. सांगता सांगता डोळे मिटले तरी चालेल. उरलेलं मी सकाळी ऐकेन.