टू लेट म्हणजे घर आपलं

एका गावात एक भोळा गडी होता. नाव हिरामण. भोळा म्हणजे किती भोळा? लग्न होऊन आठवडा झाला नव्हता, तेव्हा बायको शेवंता त्याला म्हणाली, "अहो, कुत्रं शिरतंय, दाराला कडी घाला." हिरामणने चुलीवरचं पातेलं उचललं आणि सगळी कढी दारावर ओतली. कुत्रं काही गेलं नाही. उलट गल्लीतली बाकीचीही आली आणि दार चाटायला लागली.

"कमी पडली का गं?" हिरामणने विचारलं.

शेवंताने कपाळावर हात मारला. तेव्हापासून तिचा तो हात कपाळापासून फार लांब कधी गेलाच नाही.

पुढे त्यांना छकुली झाली. हिरामणला पुण्यात कॅम्पातल्या एका बेकरीत पाव मळायचं काम लागलं. तिघं येऊन हिरामणच्या बहिणीकडे, वत्सलाकडे उतरली. वत्सलाचं घर म्हणजे एक खोली. त्यात ती, तिचा नवरा, कपाट, शिलाई मशीन, आणि आता मधोमध छकुलीची झोळी. आल्यागेल्याला झोळीखालून वाकून जावं लागायचं.

एक दिवस वत्सला म्हणाली, "वहिनी, राग मानू नका. रविवारी माझ्या सासूबाई येताहेत. त्यांना काही वाकता येत नाही."

शेवंता समजायचं ते समजली. रविवारच्या आत खोली मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर हिरामणने बेकरीत पोत्यांवर झोपायचं आणि तिने छकुलीला घेऊन गावी परत जायचं. गावी जायचं तिला भय नव्हतं. भय दुसरंच होतं. हा माणूस एकटा शहरात राहिला, आणि कुणी त्याला 'जा, पाण्यात जीव दे' म्हणालं, तर हा टॉवेल घेऊन निघायचा.

"जा, खोली बघून या," ती म्हणाली. "घरावर पाटी असते. नीट वाचा."

हिरामण दिवसभर हिंडला आणि हात हलवत परत आला.

"नाही गं. सगळ्यांनी पाट्या लावल्यात, फार उशीर झाला म्हणून."

"असं कोण लिहितं?"

"टू लेट! मराठी अक्षरांत लिहिलंय. परवा शेठ मला हेच म्हणाले. मी विचारलं, टू लेट म्हणजे काय? तर म्हणाले, फार उशीर झाला."

वत्सलाचा नवरा रिक्षा चालवायचा. हिरामण त्याला दाजी म्हणायचा. कॅम्पातली गिऱ्हाइकं वाहून वाहून दाजीला थोडं इंग्रजी लागलं होतं. तो हसून हसून खाटेवरून खाली आला.

"अरे येड्या, तो लेट वेगळा, हा लेट वेगळा! घरावर टू लेट म्हणजे घर भाड्याने आहे. ध्यानात ठेव. जिथं टू लेट, तिथं घर आपलं समज."

"जिथं टू लेट, तिथं घर आपलं," हिरामणने घोकलं.

दुसऱ्या दिवशी पाट्या बघत बघत तो बेकरीत उशिरा पोचला. शेठ दारातच उभे. शेठना राग आला की इंग्रजी यायचं.

"हिरामण! यू आर टू लेट!"

हिरामणचा चेहरा उजळला. "काय सांगता शेठ! तुम्ही पण? आधी बोलायचं नाही का! नळ आत आहे का बाहेर?"

"कसला नळ?"

"जाऊ द्या, बाहेर असला तरी चालेल," हिरामण म्हणाला, आणि शेठच्या खुर्चीवर आपला डबा ठेवून चपला काढायला लागला.

शेठने त्याला दिवसभर भट्टीची काजळी खरवडायला लावली.

संध्याकाळी काळाकुट्ट बाप दारात बघून छकुलीने भोकाड पसरलं. शेवंताने ठरवलं, याला आता घरीच शिकवायचं. ती सातवी शिकलेली. वर्गात तिचं इंग्रजीचं पुस्तक सगळ्यात कमी फाटलेलं असायचं. एका हाताने झोळी हलवत ती म्हणाली, "मी घरमालक, तुम्ही भाडेकरू. बाहेर जा आणि दार वाजवा."

हिरामण बाहेर गेला आणि त्याने दार असं वाजवलं, असं वाजवलं, की शेजारची पोरं वरात आली म्हणून नाचायला धावली.

"अहो, वाजवा म्हणजे ठोका!"

"मग ठोका म्हण की. हातोडी आणू?"

शेवंताने कपाळाला हात लावला. "राहू द्या. आता मुख्य ऐका. ते इंग्रजीत विचारतील. तुम्ही नम्रपणे म्हणायचं, येस सर. काहीही विचारलं तरी येस सर. येतंय?"

"येस सर," हिरामण म्हणाला. छकुलीसुद्धा हसली.

पहिल्या घरी मिशीवाले एक साहेब होते. शेवंता फाटकाबाहेर उभी राहून कान देऊन ऐकत होती.

"मॅरिड?"

"येस सर."

"चिल्ड्रन?"

"येस सर."

शेवंताने मनात देवाला नारळ बोलला.

"ड्रिंक?"

"येस सर."

"डेली?"

"येस सर!"

"नॉईज? आरडाओरडा? भांडण?"

"येस सर, येस सर, येस सर."

साहेबांच्या मिशा उभ्या राहिल्या. "पोलीस केस?"

"येस सर!" हिरामण आता रंगात आला होता.

"गेट आउट!"

"येस सर," हिरामण म्हणाला, आणि हसत हसत बाहेर आला. "सगळं बरोबर आलं गं! एकही चुकलं नाही."

शेवंताने त्याला रस्त्यातच शिकवलं. "अहो, वाईट विचारलं की नो सर म्हणायचं. पिता का? नो सर. भांडता का? नो सर."

"वाईट विचारलं हे मला कळायचं कसं?"

शेवंताने विचार केला. "वाईट विचारताना माणूस कपाळाला आठ्या घालतो. आठ्या दिसल्या की नो सर."

"आठ्या, नो सर. आठ्या, नो सर."

दुसऱ्या घरी एक मालकीणबाई होत्या. स्वभावाने गरीब हो! पण तोंडावर ऊन येत होतं, आणि चष्मा आत राहिला होता. त्यांनी कपाळाला अशा आठ्या घातल्या होत्या की गव्हाचे दाणे पेरावेत.

"मॅरिड?" बाईंनी विचारलं.

हिरामणने आठ्या पाहिल्या. "नो सर."

बाईंनी फाटकाकडे बोट केलं. तिथे शेवंता छकुलीला कडेवर घेऊन उभी होती. "युवर वाइफ?"

"नो सर!"

"बेबी? युवर बेबी?"

"नो सर! नो सर!"

त्याच वेळी छकुली दोन्ही हात पसरून ओरडली, "बाबा!" तिच्या आयुष्यातला तो पहिला शब्द. शेवंता पंधरवडाभर या शब्दाची वाट बघत होती.

बाई म्हणाल्या, "शिव शिव शिव," आणि दार लावून घेतलं. आतून दोन्ही कड्या घातल्याचा आवाज आला.

शेवंता रस्त्याच्या कडेला दगडावर मटकन बसली. शुक्रवार संपत आला होता, हातात उरला शनिवार. हसावं का रडावं तिला कळेना, म्हणून तिने दोन्ही करून घेतलं.

"चिडलीस?" हिरामणने विचारलं.

तिच्या कपाळावर आठ्या होत्या. तेव्हा तिने काही बोलायच्या आधीच तो घाईने म्हणाला, "नो सर."

"आता पुढच्या घरी मी बोलणार," शेवंता डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही तोंडच उघडायचं नाही. काही झालं तरी तोंड उघडायचं नाही!"

शनिवारी सकाळी तिसरं घर, डिमेलोबाईंचं. जुना बैठा बंगला, पुढे मोठा दिवाणखाना, मागे भाड्याची एक खोली, फाटकावर 'टू लेट'ची पाटी. बाई एकट्याच राहायच्या. रात्रभर पाठ केलेलं शेवंताने एका दमात म्हणून टाकलं.

"गुड मॉर्निंग मॅडम. वन हजबंड, वन बेबी, नो ड्रिंक, नो नॉईज, प्लीज."

बाईंना हसू फुटलं. त्यांनी बशीत केक आणला. हिरामणपुढे धरला. हिरामणने ओठ गच्च मिटले.

"खा ना, मॅन."

हिरामणने मान हलवली. बाईंनी नाव विचारलं. ओठ मिटलेलेच. बाईंनी आग्रहाने केकचा तुकडा तोंडाशी नेला. हिरामणचे डोळे पाण्याने भरले, पण तोंड उघडलं नाही.

"मुका आहे?" बाईंनी हळूच शेवंताला विचारलं.

शेवंता नुसतीच खाली बघत राहिली. तिला खोटं बोलवेना आणि खरं सांगवेना.

"पुअर मॅन," बाई कळवळून म्हणाल्या. "घे, खोली घे तू. बेबीला सावली पाहिजे." मग किल्ली शेवंताच्या हातात देऊन त्या हिरामणकडे वळल्या, आणि प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मेक युवरसेल्फ ॲट होम!"

रस्त्यावर आल्यावरही हिरामण गप्पच. शेवंता म्हणाली, "आता उघडा हो तोंड!" तेव्हा त्याने पहिल्यांदा केक राहिल्याचं दुःख सांगितलं, आणि मग विचारलं, "शेवटी बाई काय म्हणाल्या?"

ते शेवंतालाही आलं नव्हतं. दाजीने उलगडून सांगितलं. "घरी कुणी आलं की हे लोक असं म्हणतात. म्हणजे, हे आपलंच घर समजा."

हिरामणला वाक्य फार आवडलं. त्या रात्री पाव मळताना तो एका बुक्कीला 'मेक युवरसेल्फ' म्हणायचा आणि दुसऱ्या बुक्कीला 'ॲट होम'.

रविवारी सकाळी सामान खोलीत आलं. एक ट्रंक, एक स्टो, भांड्यांचं पोतं. डिमेलोबाई नटूनथटून चर्चला निघाल्या होत्या. दिवाणखान्याचं दार त्यांनी नुसतं लोटलं, आणि 'लक्ष ठेव हं' अशी शेवंताला हाताने खूण करून त्या गेल्या. छकुलीला झोप लागली होती. झोळी मात्र वत्सलाकडेच राहिली होती.

"मी झोळी घेऊन आलेच," शेवंता म्हणाली. पण तिचा पाय निघेना. उंबऱ्यापर्यंत जाऊन ती परत आली. "छकुलीपासून हलायचं नाही. फाटकावरची पाटी तेवढी काढून आणा, नाहीतर लोक येत राहतील. कुणी आलं तर नीट बोला, तोंड मिटून बसू नका. चांगलं माणूस दिसलं की येस सर."

"आठ्या असल्या तर?"

"देवा! आठ्या विसरा!"

ती गेली. रिक्षात बसूनही मान मागेच. वत्सलाकडे झोळी सोडली, काखेत मारली, चहाला थांबलीसुद्धा नाही, तशीच उलटी फिरली.

फाटकावर पाटी नव्हती. शेवंताला बरं वाटलं. पहिल्यांदाच सांगितलेलं काम नीट झालं होतं. ती मागे खोलीकडे गेली आणि जागच्या जागी थिजली.

खोलीच्या दारावर पाटी होती. 'टू लेट.' आणि आत एक नवीकोरी नवरी स्टोला पिन मारत होती. तिचा नवरा भिंतीवर कॅलेंडर लावत होता.

"कोण हो तुम्ही?" शेवंताने विचारलं.

"आम्ही भाडेकरू," नवरी लाजून म्हणाली. "आत्ताच आलो. मालक फार चांगले आहेत हो. विचारलं, रूम टू लेट? तर म्हणाले, येस सर. आजच येऊ? येस सर. आता लगेच? येस सर. स्वतःचं सामान उचलून जागासुद्धा करून दिली!"

"आणि माझी छकुली?"

"कोण छकुली?"

शेवंताच्या हातातली झोळी गळून पडली. ती बंगल्याला वळसा घालून धावत सुटली. पुढचं दार सताड उघडं. आत डिमेलोबाईंच्या दिवाणखान्यात, सोफ्यावर ट्रंक. पियानोवर स्टो. वर झुंबराच्या हुकाला बाईंचा जाळीचा पडदा बांधून त्याची झोळी केलेली, आणि त्या झोळीत छकुली पाय उडवत खिदळत होती. आरामखुर्चीत हिरामण बसला होता आणि पायाच्या अंगठ्याने दोरी ओढत होता.

"अहो! हे काय केलंत?"

"काय म्हणजे? पाटी आणायला सांगितलीस, आणली. दाजी म्हणाले होते, जिथं टू लेट, तिथं घर आपलं. म्हणून पाटी खोलीला लावली, म्हणजे खोली आपली आहे हे कुणी विसरायला नको. मग ही चांगली माणसं आली. येस सर म्हणायला तूच सांगितलंस."

"आणि बाईंच्या घरात शिरलात?"

"बाई तर स्वतःच म्हणाल्या! हे आपलंच घर समजा." हिरामण तिच्याकडे जरा कीव करून बघत म्हणाला, "तुला इंग्रजी कच्चं आहे."

तेवढ्यात फाटक वाजलं. डिमेलोबाई!

शेवंताने छकुलीला उचलून पोटाशी धरलं. संपलं. आज रात्रीची गाडी, आणि गाव. बाई पायऱ्या चढल्या. दारात उभ्या राहिल्या. त्यांनी पियानोवरचा स्टो पाहिला. झुंबराला टांगलेला पडदा पाहिला. खुर्चीतला मुका पाहिला. तोंड उघडं ते उघडंच.

हिरामण अदबीने उठला. वाक्य पाठ होतं. पिठात मळून मळून मुरलं होतं.

"येस मॅडम! कम, कम! मेक युवरसेल्फ ॲट होम!"

"ओ जीझस," बाई म्हणाल्या. "बोलला! मुका बोलला!"

त्या आपल्याच सोफ्याच्या कडेला, ट्रंकेशेजारी, पाहुण्यासारख्या टेकल्या. शेवंता काय सांगत होती, कुत्र्याच्या कढीपासून सगळं रडत रडत सांगत होती, त्यातलं अर्धं त्यांना कळलं. पण तेवढं पुरलं. बाई हसायला लागल्या ते थांबेचनात. टोपी पडली. चष्मा पडला. छकुली त्यांच्याकडे झेपावली आणि बाईंना 'बाबा' म्हणाली. तेव्हा तर बाईंच्या पोटात कळ आली.

"रडू नको तू," डोळे पुसत त्या शेवंताला म्हणाल्या. "बेबीला घेऊन कुठे जाते? माळ्यावरची खोली रिकामी पडली आहे. तिथे रहा."

शेवंताचा जीव भांड्यात पडला. तिने वाकून नमस्कार केला.

हिरामणला मात्र बाईंची दया आली. एवढी वयस्कर बाई, एकटी, आणि पाहुण्यासारखी कडेला बसलेली. त्याने त्यांच्याजवळ जाऊन हळूच धीर दिला.

"काळजी करू नका मॅडम. तुमचं भाडं आम्ही कमीच लावू."