वेट म्हणजे काय?

"पण तिनं फोन ठेवून द्यायचा ना, बुवा!"

हेरंब जवळजवळ ओरडलाच. आईचे दिवस काल उरकले आणि आज तो तडक डोंगरावरच्या मठात आला होता. लहानपणी निरंजनबुवांनीच त्याला अक्षरं गिरवायला लावली होती. आता गडी इंग्रजी शब्दांचा मोठा पंडित. शब्दाचं कूळ काढावं तर त्यानंच, आणि ते तो चारचौघांत ऐकवायचाही.

बुवा मेथी निवडत होते.

"तू तिला काय म्हणालास?"

"घरी प्रोफेसर मंडळी आली होती. म्हटलं, वेट, आई. फोन टेबलावर ठेवला आणि गप्पांत विसरलो. तासाभरानं कानाला लावला, तर पलीकडे ती खोकत होती. अजून धरून बसली होती हो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्षर न बोलता फोन कापला. म्हटलं, सकाळी बोलू..."

सकाळी आई उठलीच नाही.

बुवांनी दोन काड्या मोडल्या.

"वेट म्हणजे रे काय?"

झालं! एवढ्या दुःखातही पंडिताची कळी खुलली. "मूळ अर्थ पहारा देणं. जुन्या फ्रेंचमधून आला. मग दबा धरून बसणं. मग कुणाच्या दिमतीला उभं राहणं, वेटर त्यातलाच. नुसतं थांबणं हा अर्थ सगळ्यात शेवटी..."

"यातला तुझ्या आईनं कुठला घेतला?"

"तिला कुठं इंग्रजी येत होतं, बुवा?"

"हं... बस जरा. आलोच."

बुवा उठले आणि पायऱ्या उतरून गेले.

दुपार टळली. हेरंब मनात चरफडला. आपण काय रिकामटेकडे आहोत? लहान पोराला बसवावं तसं बसवून गेले!

मग त्याला कोपऱ्यात बुवांची काठी दिसली. म्हातारा काठीवाचून उतरला होता. हेरंब आत-बाहेर करू लागला. हाका मारून घसा बसला. खाली शोधायला निघावं, तर ते दुसऱ्या वाटेनं आले तर?

दिवस कलला तेव्हा बुवा सावकाश वर आले. हेरंब धावला, त्यानं त्यांचा हात घट्ट धरला.

"रागावलास?"

"आधी रागावलो. मग भीती वाटायला लागली. म्हटलं, काही बरंवाईट..."

"मग निघून का नाही गेलास?"

"जाणार कसा? तुम्ही आलोच म्हणाला होतात."

"आणि मी दिसलो तेव्हा?"

"जिवात जीव आला, बुवा..."

तो तिथंच पायरीवर बसला आणि पोरासारखा रडू लागला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

बुवा त्याच्याशेजारी टेकले. बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले...

"तुझा आवाज ऐकून जिवात जीव यायचा, तेवढंच तिचं राहिलं बघ."