मागून बघणार कोण?

वाघजाईच्या टेकडीची ती शर्यत नेमकी कोणत्या साली झाली, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. एवढे खरे, की मंजुळा टेमकर तेव्हा मॅट्रिकला होती आणि उन्हाळ्यात तिचे लग्न व्हायचे होते. धावायचे तर त्याच वर्षी, नाहीतर कधीच नाही.

शर्यतीच्या सकाळी ती काष्टा घट्ट मारून मुलांच्या रांगेत येऊन उभी राहिली. अध्यक्ष आप्पासाहेब दिघे हातातले निशाण नाचवत तावातावाने आले.

"तू कुठं निघालीस गं? पोरांबरोबर पळणार? अगं, सगळी पोरं तुला मागून बघत येणार! शोभतं का मुलीच्या जातीला?"

रांगेत चुळबुळ सुरू झाली. कोणी पाय झटकले, कोणी उगाच आभाळाकडे पाहिले.

मंजुळेने विचारले, "आप्पासाहेब, मुलगी मुलांपेक्षा जोरात पळू शकते का हो?"

"छे! सात जन्मांत नाही."

"मग झालं की! पोरं माझ्या पुढंच असणार. मला मागून बघायला उरणार कोण?"

लोक हसले. आता तिला अडवायचे, तर आप्पासाहेबांना आपली पोरे मागे पडतील हे कबूल करावे लागणार होते. त्यांनी निशाण खाली करून शर्यत सुरू केली.

निकालावरून गावात अजून वाद होतात, आणि माझी आठवणही आता भरवशाची राहिलेली नाही. पण त्या रांगेत मी होतो. टेकडीच्या माथ्यापर्यंत माझ्यासमोर हलत राहिलेली तिची लांब वेणी मात्र मला स्पष्ट आठवते.